बॉल हातात नाही, तर रस्ता तिचा

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात ती फर्स्ट बेसवर, म्हणजे बॉल मारून पळणारी जिथे आधी पोचते त्या जागेवर, खेळते. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या शाळेबरोबर सरावाचा सामना होता. समोरच्या मुलीनं आमच्या शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभी राहणारी) बॉल मारला. शॉर्टस्टॉपची फेक जरा होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, बाजूला आली, म्हणून माझी मुलगी ती पकडायला पुढे सरकली, आणि धावत येणारी मुलगी तिच्यावर आदळली. दोघी पडल्या, बॉल मागे गेला. होम प्लेटमागे असते त्या आमच्या कॅचरनं धावत जाऊन तो उचलला आणि पडलेल्या मुलीला लावला. तरीही अंपायरनी तिला फर्स्ट बेस दिला आणि वर माझ्या मुलीनं अडथळा आणला असं सांगितलं. मार आमच्या मुलीनं खाल्ला आणि दोषही तिचाच! त्या मुलीची आई मला म्हणाली, ‘आधी उभं कुठं राहायचं ते शिकवा.’ माझे मिस्टर बाहेरून ‘तिका आडाय, आडाय’ (तिला अडव) म्हणून ओरडत होते, तेही आता गप्प आहेत.

मुलीचं मनगट अजून दुखतं. सरावाला जाते, पण बेसच्या एक पाऊल मागे उभी राहते आणि बॉल आला की तोंड फिरवते. तिला दुसऱ्या जागेवर खेळवायला सांगू, की खेळच बंद करू? आणि खरं सांगा, चूक कोणाची होती?

– एक आई, फोंडा

उत्तर

ताई,

आधी मनगट. पंधरा दिवस झाले आणि अजून दुखतंय म्हणता, तेव्हा बाम चोळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग अजून कोवळा असतो. हात टेकून पडलं की मार नेमका तिथे बसतो, आणि वरून नुसती सूज दिसते. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी हो म्हणेपर्यंत हातात ग्लोव्ह नको. पडताना डोकं आपटलं होतं का, हेही तिला विचारा. त्या दिवशी डोकं दुखलं, उलटी झाली, तेच तेच विचारत राहिली, असं काही झालं असेल तर तेही सांगायला हवं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर अंपायरचा निर्णय बरोबर होता. आणि तरीही तुमच्या मुलीनं काही वाईट केलेलं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्याला पटत नाही, कारण आपण ‘अडथळा’ हा शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखा वाचतो. नियमात त्याचा अर्थ फार साधा आहे. हातात बॉल नसलेला आणि बॅटवरून आलेला बॉल अडवत नसलेला खेळाडू धावणारीच्या वाटेत आला आणि तिची चाल मोडली, एवढंच. त्याला हेतू लागत नाही, धडकसुद्धा लागत नाही.

‘पण ती बॉल पकडायलाच गेली होती ना?’ असं तुम्ही म्हणणार. गोम इथेच आहे. सॉफ्टबॉलमध्ये बॉल दोन प्रकारे येतो, बॅटवरून किंवा हातातून, आणि दोन्हींचे कायदे वेगळे. समजा, त्या मुलीनं बंट केला असता, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता हळूच टेकवला असता, बॉल रेषेलगत घरंगळत आला असता आणि तुमची मुलगी तो उचलायला त्याच जागी वाकली असती. मग वाट तुमच्या मुलीची. धावणारीनं वळसा घालून जायला हवं होतं, आणि न जाता आदळली असती तर ती आऊट. त्याला इंटरफिअरन्स म्हणतात. इथे मात्र बॉल शॉर्टस्टॉपच्या हातातून येत होता. फेकीचा बॉल ग्लोव्हमध्ये बसेपर्यंत ती वाट धावणारीची. तीच जागा, त्याच दोन मुली, तीच धडक, आणि निकाल अगदी उलटा. गॅलरीतले अर्धे तंटे या एका फरकापायी होतात. (गॅलरी म्हणजे आपल्याकडे आंब्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पण भांडण स्टेडियमइतकंच जोरात.)

पूर्वी नियमात एक पळवाट होती. बॉल हातात पडायच्या बेतात असेल तर खेळाडूनं वाटेत असलेलं चालायचं. पण ‘बेतात’ म्हणजे किती, दोन हात की दहा, हे प्रत्येक अंपायर आपापल्या डोळ्यांनी ठरवायचा आणि मुली मधल्या मधे आपटायच्या. अमेरिकेतल्या शालेय सामन्यांच्या नियमांतून ती सवलत काढून टाकली: आधी बॉल, मग वाट. तुमच्या शाळेच्या सामन्यांना कोणतं नियमपुस्तक धरलंय, हे सरांनी खेळ सुरू व्हायच्या आधी अंपायरना विचारावं. बॉल पडल्यावर विचारलं की ती विचारणा राहत नाही, तक्रार होते.

कॅचरनं बॉल लावूनही ती मुलगी आऊट कशी झाली नाही, हे तुम्हाला सगळ्यात जास्त खुपलंय. तुम्ही पाहिलं असेल किंवा नसेल, पण धडक झाली त्या क्षणी अंपायरनं डावा हात बाजूला आडवा धरून मूठ वळली असणार. ‘मी अडथळा पाहिलाय, पण खेळ चालू दे’ अशी ती खूण. लगेच खेळ थांबवत नाहीत, कारण कधी कधी धावणारीला खेळ चालू राहण्यातच फायदा असतो. अडथळा झाला त्या टप्प्यात तिला आऊट केलं तर ते धरत नाहीत, आणि अडथळा नसता तर ती जिथवर पोचली असती असं अंपायरला वाटतं, तिथवर तिला नेऊन ठेवतात. म्हणून फर्स्ट बेस. अडथळा झाला की एक बेस फुकट, असा समज आपल्याकडे बराच आहे, तो खरा नाही. कधी दोन मिळतात, आणि कधी मूळ जागेपेक्षा काहीच जास्त मिळत नाही.

समोरच्या मुलीनं मुद्दाम धडक दिली का? पत्रात तुम्ही तसं म्हटलेलं नाही, आणि ते मला आवडलं. बॉल हातात धरून उभ्या असलेल्या खेळाडूला जर रनरनं उभ्या उभ्या जोरात टक्कर दिली तर रनर आऊट, आणि दांडगाई दिसली तर मैदानाबाहेर. इथे तसं काही नव्हतं. होमपासून फर्स्ट बेसपर्यंत 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. एखादी तेरा वर्षांची मुलगी ते चार सेकंदांत पळत असेल, तर तो वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास भरतो. चांगल्या चालीनं मारलेली सायकल समजा. त्या वेगात मान खाली, नजर बेसवर, आणि शेवटच्या दोन पावलांत समोर कोणीतरी येतं. सायकलला निदान ब्रेक तरी असतो.

मी कॉलेजात असताना फर्स्ट बेसवरच खेळायचे. आमचा बेस म्हणजे वाळू भरलेलं गोणपाट, आणि त्याच्यावर उभं राहायला आम्हाला कोणी मना केलं नव्हतं. उलट ‘बेस सोडूं नाका’ हाच मंत्र. एकदा मी दोन्ही पाय गोणीवर रोवून उभी होते, आणि येणारीनं माझ्या घोट्यावरच पाय दिला. सहा आठवडे लंगडत होते. त्या वेळी मला तिचा राग आला होता. पुढे शाळांच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभी राहायला लागले आणि तीच गोष्ट दुसऱ्या मुलींच्या बाबतीत डझनभर वेळा पाहिली, तेव्हा कळलं की गोणीवर माझं काही काम नव्हतं. धावणारीला आऊट करायला बॉल हातात असताना बेसला नुसती चवड्याची कड टेकली तरी पुरते.

तुमच्या मुलीला शिकवायचं ते हे, आणि हे शिकवणं तिच्या सरांचं काम आहे, तुमचं नाही. पण तुम्हाला माहीत असलं तर तुम्ही ते मागू शकाल.

बॅटवर बॉल लागला की तिनं बेसकडे धावायचं आणि फेकणारीकडे तोंड करून बेसच्या आतल्या बाजूला, म्हणजे मैदानाकडच्या कडेशी उभं राहायचं. पाय लगेच लांबवायचा नाही. नव्या मुली हमखास हीच चूक करतात: फेक यायच्या आधीच पाय ताणून झाड होऊन उभ्या राहतात, मग फेक दोन हात इकडे-तिकडे आली की शरीर तिकडे ओढलं जातं आणि पाय वाटेत सापडतो. आधी बॉल कुठे येतोय ते पाहायचं, मग ग्लोव्हच्या बाजूचा पाय बॉलच्या दिशेनं टाकायचा. ग्लोव्ह डाव्या हातात असेल तर डावा पाय पुढे, उजव्या पायाचा चवडा बेसच्या कडेला. बेसच्या माथ्यावर नाही, कडेला. बॉल आला की पाय काढून घ्यायचा.

आणि फेक होम प्लेटच्या बाजूला भरकटली, जशी त्या दिवशी भरकटली, तर? तर बेस सोडायचा. आमच्या ‘सोडूं नाका’च्या बरोबर उलट. आतल्या अंगानं पुढे येऊन बॉल घ्यायचा आणि धावणारी बाजूनं जाताना तिला लावायचा. ते जमण्यासारखं नसेल, म्हणजे बॉल घ्यायला रेषेपलीकडे तिच्या समोरच जावं लागत असेल, तर बॉल जाऊ द्यायचा. एक बेस गेला तर गेला. हे वाक्य तिला सरांच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. कारण कोणी सांगितल्याशिवाय कुठलीही गुणी मुलगी बॉल सोडत नाही, आणि तुमची मुलगी गुणी दिसते. वाकडा बॉलसुद्धा सोडायचा नाही, म्हणूनच तर ती पुढे गेली.

तेव्हा चूक कोणाची, याचं माझं उत्तर पुष्कळसं शॉर्टस्टॉपकडे जातं. रागावू नका तिच्यावर, तीही तेराचीच असेल. पण फर्स्ट बेसवरच्या धडकांचं मूळ पुष्कळदा फर्स्ट बेसवर नसतं, ते पलीकडच्या खांद्यात असतं. घाईत, पाय न वळवता फेकलेला बॉल सरळ जात नाही, आणि तो जिकडे जातो तिकडे फर्स्ट बेसवाली ओढली जाते. सराव तुमच्या मुलीला एकटीला देऊन भागणार नाही. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसवाली यांना आधी ‘पाय, मग हात’ शिकवायला हवं, आणि उशीर झालाय असं दिसलं तर बॉल फेकूच नका, हेही.

बाकीचं मूळ मैदानात आहे. रेषेच्या शेवटच्या अर्ध्या भागात, म्हणजे 30 फुटांपासून पुढे, फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, बाजूला 3 फूट रुंदीची पट्टी आखतात. धावणारीनं त्या पट्टीतून पळावं. पट्टी सोडून पळताना तिच्यामुळे फर्स्ट बेसवर फेक घ्यायला अडचण झाली तर ती आऊट. नुसती पट्टीबाहेर पळाली म्हणून आऊट नव्हे, अडचण व्हायला हवी. आता आपली मैदानं आठवा. सकाळी चुन्यानं आखलं, दुपारी एक सर आली की तांबड्या मातीत रेघ कुठे आणि डबकं कुठे कळत नाही. त्यातून ते मैदान बहुतेक फुटबॉलचं, बेसच्या जागी गोलपोस्टसमोरचं गवत झिजून गुळगुळीत झालेलं. मुलीला पट्टीत पळ म्हणायचं, पण पट्टी तर दिसली पाहिजे! सामन्याच्या मध्ये एकदा पुन्हा चुना मारायला पाच मिनिटं लागतात.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे जोडबेस. जागतिक नियमांत फर्स्ट बेस दुहेरी असतो. अर्धा पांढरा, तो आत, मैदानाच्या बाजूला. अर्धा शेंदरी, तो रेषेबाहेर. प्रत्येक तुकडा 15 इंच चौरस. फर्स्ट बेसवर खेळ होत असेल तेव्हा बॉल घेणारीनं पांढरा वापरायचा आणि पहिल्यांदा पळत येणारीनं शेंदरी. दोन मुली, दोन जागा, मध्ये एक रेघ. पळत येणारीनं चुकून फक्त पांढऱ्यावर पाय दिला आणि ती परत यायच्या आत समोरच्या संघानं अपील केलं, तर बेस चुकला असं धरून तिला आऊट देतात. एकदा बेसवर पोचली की पुढे मात्र पांढराच तिचा: मागे वळताना, झेल पाहून थांबताना, सगळं पांढऱ्यावर. बॉल फाउलच्या बाजूनं फेकला जात असेल, म्हणजे कॅचरच्या हातून निसटलेला तिसरा स्ट्राइक (बॅटिंग करणारीचा तिसरा हुकलेला बॉल) वगैरे, तर दोघींनाही कोणताही तुकडा चालतो. त्या वेळी कॅचर आणि फर्स्ट बेसवाली यांनी एकमेकींना ओरडून ‘आत’ की ‘बाहेर’ हे सांगायचं असतं. तुमची मुलगी मैदानावर बोलते का, की गप्प असते? गप्प असेल तर ओरडायची सवय लावा. घरी एरवी नको असते, इथे हवी.

जोडबेसनं बंटवरचे सगळे प्रश्न सुटत नाहीत हेही सांगते, नाहीतर तुम्ही मला नंतर पत्र लिहाल. बंट झाला की तुमची मुलगी बॉलकडे पुढे धावते आणि फर्स्ट बेस सांभाळायला सेकंड बेसवाली येते. ती धावत येते, मान वळवून बॉल शोधत असते, आणि बेस कुठे आहे हे तिला पायांनी चाचपावं लागतं. याही धडका मी पाहिल्यात. त्याचा सराव वेगळा, आणि तो फर्स्ट बेसवालीशिवाय होत नाही.

एक प्रकार पालकांच्या नजरेतून नेहमी सुटतो, कारण त्यात कोणी पडत नाही. बॉल लांब आऊटफील्डला गेलाय, रनर फर्स्ट बेसला वळसा घालून सेकंडकडे निघालीय, आणि फर्स्ट बेसवाली बॉल कुठे गेला ते बघत बेसच्या कोपऱ्यावर उभी आहे. रनर तिच्यासाठी दोन पावलं बाहेरून जाते. स्पर्श नाही, आवाज नाही, तरी तो अडथळाच, आणि अंपायर सेकंड बेस देऊ शकतो. बॉल लांब गेला की आपण बेसपासून आत सरकायचं, मग हवं तेवढं बघत राहावं.

समोरच्या संघाच्या मुलींनाही एक गोष्ट शिकवायला हवी. फर्स्ट बेसवर थांबायचं नसतं, त्याच्यावरून पुढे पळत जायचं असतं. उडी मारायची नाही, घसरायचं नाही. पुढे गेल्यावर डावीकडे वळली तर आऊट, असं मुलींना सांगतात, ते चूक आहे. सेकंडकडे निघायचा प्रयत्न केला तरच धोका. हा समज डोक्यात असलेल्या मुली बेसवर पोचल्यावर एकदम आखडतात, आणि आखडलेली मुलगी समोरचीवर कोसळते.

त्या दुसऱ्या आईचं काय करायचं? ‘उभं कुठं राहायचं ते शिकवा’ हे ती तोऱ्यात म्हणाली असेल, पण म्हणाली ते खरं आहे. पुढच्या सामन्याला भेटली तर तिच्या मुलीला लागलं होतं का, ते विचारा. एवढंच विचारा.

आणि तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. भावोजी, फुटबॉलच्या मैदानावर ‘आडाय’ चालतं, तिथे बॉल जवळ असेल तर खांद्याला खांदा लावायला मुभा आहे. सॉफ्टबॉलमध्ये हातात बॉल नसताना आडवणं हाच गुन्हा. तुमची मुलगी तुमचं ऐकते. त्या दिवशीही तिनं ऐकलं असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. पुढच्या वेळी ओरडायचंच असेल तर ‘पाय! पाय!’ ओरडा.

जागा बदलू नका, निदान आत्ता नको. भीतीत असताना जागा बदलली तर फर्स्ट बेस म्हणजे मार हेच तिच्या मनात राहील. एक्स-रे साफ आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला आठवडाभर टेनिस बॉलनं खेळवा. रनर नको, फेका हळू, आणि मुद्दाम वाकड्या. चार फेकांतली एक अशी की ती सोडणंच बरोबर. ती सोडली की शाबासकी. मग रनर आणा, पण चालत. मग जॉगिंग. पूर्ण वेगानं पळणारी रनर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा बेस दुहेरी असावा. फील्डरनं घालायचा जाळीचा फेसमास्क मिळतो, त्यानं तोंड फिरवायची सवय लवकर जाते. संघातल्या एकीनं घातला की दोन आठवड्यांत सगळ्यांना हवा असतो, त्यामुळे तिला एकटं वाटणार नाही.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. त्याआधीही इंटरनेटवर मोठ्या संघांचे सामने बघायला मिळतात. तिच्याबरोबर एक सामना बघा. तिला सांगा, बॉल बघू नकोस, फर्स्ट बेसवालीचे पाय बघ. तिचा पाय बेसवर किती वेळ असतो ते मोजायला सांगा. ती हसेल, इतका थोडा असतो.

त्याआधी सरांना भेटा आणि जोडबेसचं विचारा. नवीन घ्यायला पैसे नाहीत म्हणाले तर भांडू नका. जाड कॅन्व्हासचा किंवा जुन्या रबरी मॅटचा 38 सेंटीमीटरचा चौकोन कापा, शेंदरी रंग द्या, वाळल्यावर त्यावर ओला पाय घसरत नाही ना ते बघा. पांढऱ्याला चिकटून, रेषेच्या बाहेरच्या बाजूला तो बसवायचा. कडा जमिनीसपाट हव्यात, आणि वरून खिळे मारायचे नाहीत.